दानपत्रातलं ‘आणि’

“पण लिहिलेला शब्द सोडून न्यायाधीशानं जायचं तरी कुठे, गुरुजी?”

विरूपाक्षशास्त्री सुपातले तांदूळ निवडत होते. खडा दिसला की उचलायचे, उंबऱ्याबाहेर टाकायचे.

मुकुंद आष्टेकर घामाने निथळत होता. लहानपणी तो याच शास्त्रीबुवांच्या पायाशी बसून मीमांसा, म्हणजे वाक्याचा अर्थ लावण्याचं शास्त्र, शिकला. पुढे वकील झाला, आता तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीश. शास्त्रीबुवांनी म्हातारपणी पाठशाळा सोडली आणि नदीकाठच्या कुष्ठाश्रमाच्या भिंतीला लागून एक खोली घेतली. का, ते कुणाला सांगितलं नाही.

मुकुंद इथे पहिल्यांदाच आला होता. उद्या निकाल वाचायचा होता, त्याआधी गुरूने एकदा ‘शाबास’ म्हणावं, एवढंच.

निकाल याच आश्रमाचा होता.

“काय लिहिलंय दानपत्रात?”

“‘निराधार आणि महारोगी यांनी येथे मरेपर्यंत राहावे.’ जागा देणारे शेटजी एवढं लिहून वारले. आता आश्रमातली निम्मी माणसं बरी झालीत. विश्वस्त म्हणतात, बरा झाला तो महारोगी नाही. निराधार असेल, पण दोन्ही नाही. तेव्हा जागा सोडा.”

“जागेचं काय करणार?”

“मंगल कार्यालय.”

“हं... आणि माणसं काय म्हणतात?”

“त्यांचा वकील म्हणतो, ‘आणि’ इथे ‘किंवा’ म्हणून वाचा. नुसता निराधार असला तरी पुरे.”

“वाचता येतं तसं?”

“येतं की. कोर्टांनी वाचलेलं आहे. शब्द जसाच्या तसा धरल्यानं लिहिणाऱ्याचा हेतू बुडत असेल, तर ‘आणि’चं ‘किंवा’ करता येतं. पण गरज असेल तरच.”

“गरज कुणाची?”

मुकुंद हसला. “वाक्याची, गुरुजी.”

शास्त्रीबुवांनी एक खडा उचलला, उन्हात धरून पाहिला, टाकला.

“मीमांसेत ‘हे किंवा ते’ म्हटलं की आठ दोष चिकटतात,” मुकुंद सांगू लागला. “जोडता येत असेल तिथे तोडू नये. तुम्हीच शिकवलंत. म्हणून ‘आणि’ मी ‘आणि’च ठेवलं, त्यावर चार पानं लिहिलीत. तुमचं नाव नाही घातलं, पण...”

“बरं केलंस.”

...

बाहेर धाडकन काहीतरी आपटलं. मुकुंद दचकून अर्धा उठला.

“पत्रा आहे. वारा आला की आपटतो. बस.”

तो बसला. “पाणी मिळेल का थोडं?”

शास्त्रीबुवांनी मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. “केराबाई, पाहुण्यांना पाणी आण गं.”

मुकुंदचा चेहरा बदलला. केराबाई. दाव्यात प्रतिवादींमध्ये पहिलं नाव तेच होतं.

“गुरुजी, हे बरं नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी तिला भेटता कामा नये.”

“भेटू नकोस. पाणी पी. तू कोण, हे तिला ठाऊक नाही.”

तोवर ती आलीच. डोक्यावर पदर, पायात रबरी टायरच्या चपला. दोन्ही तळव्यांना बोटं नव्हती. त्या तळव्यांच्या मधे स्टीलचा पेला दाबून धरलेला. पाणी काठोकाठ, पण एक थेंब सांडला नव्हता.

“घ्या पाव्हणं. रांजणातलं हाय, गार हाय.”

मुकुंदचा हात गुडघ्यावरच राहिला.

ती थांबली. अशा थांबण्याची तिला सवय असावी.

“खाली ठिवू का? न्हाई, काईंना चालत न्हाई. म्हून इचारून घेते.”

“केराबाई,” शास्त्रीबुवा सुपातून मान वर न करता म्हणाले, “तू बरी झालीस ना गं?”

“झाले की! डागदरानं कागुद दिला तवा आख्ख्या आश्रमात साखर वाटली म्या. कागुद घिऊन भावाकडं गेले. त्यानं वाचला. समदा वाचला. आन् माजं जेवनाचं वाडगं दाराभाईर सरकवलं.” पेला तिने जरासा सावरला. “तशीच माघारी आले. आता कोरटात म्हनत्यात, बरी झालीस न्हवं, मग नीघ. उद्या निकाल हाय.”

तिने पेला पुन्हा पुढे केला.

“रोग ऱ्हायला असता तर बरं झालं असतं. न्हाई का ओ, पाव्हणं?”

आणि ती हसली. खरंच हसली.

मुकुंदने खिशातून रुमाल काढला. कडक इस्त्रीचा, पांढरा. रुमालात धरून पेला घेतला आणि ओठ न लावता, वरून, घटाघटा पाणी प्यायला. थोडं शर्टावर सांडलं. रिकामा पेला त्याने जमिनीवर ठेवला.

केराबाईने वाकून तो दोन्ही तळव्यांत उचलला. “इसळून ठिवते,” म्हणाली, आणि गेली.

पत्रा पुन्हा आपटला. या वेळी मुकुंद हलला नाही.

“तिच्यापासून कुणाला काही होत नाही, गुरुजी. मला माहीत आहे.” तो म्हणाला. “डॉक्टरांचा दाखला मी स्वतः वाचलाय. निकालातही स्वच्छ लिहिलंय, ‘प्रतिवादी आता महारोगी नाही.’ ”

“हं.”

“हे... हात आपसूक गेला खिशाकडे. दुसरं काही नाही.”

शास्त्रीबुवा तांदूळ निवडत राहिले.

मुकुंद उठला, वाकून नमस्कार केला. आशीर्वाद आला नाही. रुमाल अजून त्याच्या हातात होता, चिमटीत, अंगापासून लांब. खिशात ठेववत नव्हता. उंबऱ्याबाहेर खड्यांचा लहानसा ढीग साचला होता. त्याने तिकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

“टाकू नकोस तो,” शास्त्रीबुवा म्हणाले. “उद्या निकालाला जोड.”