राजदूताचा मुक्काम

उद्या सकाळी सुभान्याला फाशी होती, आणि शेजारच्या राज्याचा राजदूत दरबारात म्हणत होता, "देऊ नका. माणसाचा जीव घ्यायचा हक्क राजालाही नाही. फाशी बंद करा, नाहीतर आमच्याकडून येणारं मीठ बंद."

जगदेवराजे लालबुंद झाले. "परक्याच्या धाकानं हुकूम फिरवला तर माझीच माणसं मला हसतील. मीठ बंद झालं तर शिव्या देतील." ते बेड्या घालून उभ्या केलेल्या सुभान्याकडे वळले. "भर दरबारात मला खुनी म्हणालास ना? तोंड चालतं तुझं. मग चालव आता. हुकूम मागे घेणार नाही, यांच्यापुढे वाकणार नाही, मीठही आलं पाहिजे. काढ वाट, तर जगशील."

गेल्याच महिन्यात सुभान्याच्या थोरल्या भावाला, रायबाला, दुसऱ्याच्या चोरीपायी फासावर चढवलं होतं. त्या दुःखात हा पठ्ठ्या दरबारात घुसून ओरडला होता. रायबा म्हणायचा, "तू आधी बोलतोस आणि मग घरी येऊन विचार करतोस." आता घरी जायचीही सोय उरली नव्हती. शाळेत तो जेमतेम टिकलेला. त्याला राज्यकारभार विचारणं म्हणजे म्हशीला रस्ता विचारणं!

त्याला फक्त रायबाचा शेवटचा दिवस आठवला. त्या दिवशी घरी चूल पेटली नव्हती, आणि राजवाड्यातही नाही. राजा प्रजेचा बाप, म्हणून फाशी गेलेल्याचं सुतक राजवाडा पाळायचा.

"महाराज, उद्या मला लटकवलंत की राजवाड्यात चूल पेटणार नाही. मग पाहुणे जेवणार काय?"

पाहुणा उपाशी? राजांच्या घराण्यात असं कधी घडलं नव्हतं.

"पाहुणे गेल्यावर देऊ फाशी," राजे म्हणाले. "हुकूम कायम."

"तेच म्हणतोय. हुकूम कायम ठेवा आणि पाहुणेही कायम ठेवा. ते इथं जेवताहेत तोवर कुणालाच फाशी नाही. तुम्ही वाकलात कुठे? पाहुणचार केलात."

हे महिनाभर आधी सुचलं असतं तर! पण त्याला सगळं उशिराच सुचायचं.

राजदूत दचकला. "मी परवा निघणार होतो. घरी बायको वाट पाहतेय."

"बोलावून घ्या की वहिनीसाहेबांना. तुम्ही निघालात तर माझा जीव कुणी घेतला म्हणायचं?"

राजदूतानं कपाळ पुसलं. "राहतो. मीठही येईल. पण आमटी जरा कमी तिखट करा."

राजे खदखदून हसले. "मला वाकवायला आला, आणि माझ्याच पंगतीत अडकला! सुभान्या, आजपासून यांना आग्रहानं वाढायचं काम तुझं. पाहुणा रुसून निघाला, तर तुझ्या फाशीचा हुकूम कायम आहे."

"मग बेड्या काढा, महाराज. तूप वाढताना हात अडतो."

राजे पुन्हा हसले, आणि बेड्यांच्या जागी त्यांनी स्वतःच्या हातातलं सोन्याचं कडं त्याला चढवलं.