गाठोडं निघालं, पोरगा राहिला

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाही पोरांना उन्हाळ्याची सुट्टी लागायची, आणि तेव्हाही थोरामोठ्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं.

एका गावात एक विद्यार्थी होता. वय सोळा. पाठशाळेत सहा वर्षं त्याने एका भिंतीबद्दल घोकलं होतं. गावाच्या पूर्वेला तीन दिवसांच्या वाटेवर एक मोठं तळं होतं आणि तळ्याच्या पोटात जुन्या राजधानीची भिंत. त्या भिंतीवर हत्तींची रांग कोरलेली. बारा वर्षांतून एकदाच तळं इतकं आटायचं, की भिंत पायापासून उघडी पडायची. वैशाख सरता सरता वरच्या डोंगरांत वळीव झाला की पाणी चढायचं, आणि हत्ती पुन्हा बारा वर्षं बुडायचे.

यंदा ते बारावं वर्ष होतं.

गुरुजी शिकवायचे, "हत्ती अकरा आहेत." कुणी विचारलं, "गुरुजी, तुम्ही मोजलेत का?" तर उत्तराच्या जागी छडी मिळायची. म्हणून विद्यार्थ्याने ठरवलं, या सुट्टीत आपण जायचं आणि आपल्या डोळ्यांनी मोजायचं. सहा वर्षं दुसऱ्याचा आकडा घोकून त्याला अगदी वीट आला होता.

वैशाखाच्या पहिल्याच दिवशी त्याने गाठोडं बांधलं. दोन धोतरं, दशम्या, तांब्या. तयारी झाली. पाय उंबऱ्याबाहेर पडणार, तोच आत्या ओरडली, "अरे, मुहूर्त?"

जोशीबुवांना बोलावलं. त्यांनी पंचांग उघडलं, बोटांवर मोजलं आणि सांगितलं, "आज दुपारी उत्तम योग आहे."

"मग दुपारी निघतो," विद्यार्थी म्हणाला.

"दुपारी? या उन्हात? डोकं फिरलंय का तुझं?" आत्या म्हणाली. "आणि माझे लाडू अजून वळायचेत. आज प्रस्थान ठेवू."

आता प्रस्थान म्हणजे काय, ते ऐका. मुहूर्त आला पण माणसाला निघता येत नसेल, तर त्याचं गाठोडं वाटेवरच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं उंबरा ओलांडून गेलं, म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. मग पाच दिवसांत सवडीने खरं निघायचं. पाच दिवस उलटले तर प्रस्थान शिळं होतं. पुन्हा मुहूर्त काढायचा, आणि गाठोडं एक घर पुढे सरकवायचं.

आत्याने गाठोडं सोनाराकडे नेऊन ठेवलं. विद्यार्थी घरीच जेवला.

लाडू वळून सोनाराकडच्या गाठोड्यात पोचले, तेव्हा घरात कुणीतरी शिंकलं. शिंकणारे जोशीबुवाच होते, पण शिंक ती शिंक. पाच दिवस गेले. गाठोडं तेल्याकडे गेलं.

मग आत्याच्या लक्षात आलं, की वहाणा नव्या आहेत. "नव्या वहाणा चावतात रे. पाच दिवस घरात घालून फिर, मऊ होतील." तो घरात फिरला. ओसरीपासून माजघरापर्यंत, माजघरापासून ओसरीपर्यंत. वहाणा मऊ झाल्या आणि गाठोडं साळ्याकडे गेलं.

मग सोबत कोण, यावर खल झाला. सोबत मिळेना आणि एकट्याला सोडवेना. गाठोडं सुताराकडे गेलं.

विद्यार्थी वडिलांकडे गेला. "अण्णा, तुम्ही तरी सांगा ना. वैशाख संपत आलाय."

अण्णा पान लावत होते. ते पानाकडेच बघत म्हणाले, "मोठ्यांचं ऐकावं. भिंत कुठे पळून जातेय?"

"भिंत नाही पळत, अण्णा. पाणी येतं."

"बघू," अण्णा म्हणाले. मोठ्या माणसांच्या या एका शब्दाखाली जेवढं बुडालंय, तेवढं कुठल्याच तळ्यात बुडालेलं नसेल.

गाठोडं कुंभाराकडे गेलं. ते गावातलं शेवटचं घर. त्यापुढे माळ.

चौथ्या दिवशी तळ्याकडून एक मेंढपाळ गावात आला. विद्यार्थ्याने त्याला गाठून विचारलं, "भिंत पाहिलीत? हत्ती किती होते?"

"मी मेंढरं मोजतो बाबा, हत्ती नाही," मेंढपाळ म्हणाला. "पण वळीव झालाय वर. मी निघालो तेव्हा पाणी त्यांच्या नखांना लागलं होतं."

विद्यार्थी घरी गेलाच नाही. तडक कुंभाराच्या अंगणात आला. तिथे गाढव उभं होतं.

"कुठे निघालास?" गाढवाने विचारलं.

"चोवीस दिवसांपूर्वीच निघालोय," विद्यार्थी तणतणत म्हणाला.

"मग अजून इथेच कसा?"

"प्रस्थान ठेवलंय."

गाढवाने कान हलवले. "मी रोज माती आणायला दोन कोस जातो, दोन कोस येतो. मला आजवर कुणी मुहूर्त विचारला नाही. आणि गाढव म्हणतात मला!"

विद्यार्थ्याने घरात जाऊन गाठोडं सोडलं. दशम्यांवर हिरवी बुरशी धरली होती. लाडवांना मुंग्यांनी पोखरलं होतं. त्याने ते सगळं उकिरड्यावर फेकलं आणि रित्या हातांनी वळला, तर खुंटीवर आणखी एक गाठोडं दिसलं. जुनं, धुराने काळं पडलेलं.

"हे कुणाचं?"

कुंभारीण चाक थांबवून म्हणाली, "तुझ्या बापाचं. मी नवी नवरी होऊन आले तेव्हापासून आहे ते तिथं. चोवीस वर्षं झाली. त्यालाही हत्ती बघायचे होते."

विद्यार्थ्याने ते गाठोडं सोडलं. खाण्याचं उंदरांनी कधीच संपवलं होतं. उरलं होतं एक कोरं कापड आणि चित्र काढायची कोळशाची कांडी.

 त्याने वडिलांचं गाठोडं खांद्याला मारलं आणि माळ तुडवत सुटला. तीन दिवसांची वाट त्याने दोन दिवसांत कापली. मऊ वहाणाही चावल्या. चावायच्याच त्या.

तो पोचला तेव्हा पाणी हत्तींच्या पोटाला लागलं होतं. वर फक्त पाठी, माना आणि उचललेल्या सोंडा. त्याने मोजलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग कापड पसरलं आणि भराभर रेघा ओढल्या. संध्याकाळपर्यंत शेवटची सोंडही बुडाली.

तो घरी परतला तेव्हा दारात सगळे जमले होते. आत्याने दृष्ट काढली. जोशीबुवा मिशीत हसत म्हणाले, "पाहिलंत? मुहूर्तावर प्रस्थान ठेवलं होतं, म्हणून पोर सुखरूप आलं."

विद्यार्थी संतापाने पेटला. त्याने ते काळं गाठोडं अण्णांच्या पुढ्यात ठेवलं आणि कापड उलगडलं.

अण्णांनी गाठोडं ओळखलं. हातातलं पान तसंच राहिलं. त्यांनी हळूच विचारलं, "किती होते रे?"

"अकरा नाहीत. तेरा. पण हे झाले मोठे हत्ती. त्यांच्या पायांत पिल्लं होती की नव्हती, ते मला विचारू नका, अण्णा. ती तुमच्या मुहूर्तांखाली बुडाली."

 अण्णांनी कापडावरच्या एकेका पाठीवरून बोट फिरवलं आणि मनातल्या मनात तेरापर्यंत मोजलं.

बारा वर्षं गेली. तळं पुन्हा आटलं. वैशाखाच्या पहिल्या सकाळी घर जागं झालं, तर अण्णांचं अंथरूण रिकामं. दाराशी वहाणा नव्हत्या. जोशीबुवांना कुणी काही विचारलं नव्हतं. अण्णांनी रात्रीच्या उरलेल्या दोन भाकरी तेवढ्या धोतराच्या सोग्यात बांधून नेल्या होत्या.

थकलेली आत्या अंगणात येऊन पूर्वेकडे तोंड करून ओरडत राहिली, "अरे, निदान प्रस्थान तरी ठेवायचंस!"

माळावर, दूर, अण्णांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

तात्पर्य: मुहूर्त गाठोड्यासाठी असतो; ज्याला पाय आहेत, त्याने उठावं आणि चालू लागावं.