चंद्रकांती लेप आणि दोन म्हशी

"ऐका हो ऐका! उद्यापासून राज्यात कुणी उटणं कुटायचं नाही, विकायचं नाही, अंगाला लावायचं नाही हो ऽ ऽ!"

दवंडी ऐकली आणि गवळ्याच्या बकुळाच्या हातातलं मुसळ हवेतच थांबलं. दिवाळी तोंडावर आलेली. तिची आई वर्षभर आंबेहळद, नागरमोथा, कचोरा जमवून ठेवायची आणि दिवाळीच्या विक्रीवर मायलेकींचं पोट चालायचं. आता काय खायचं, नागरमोथा?

बकुळाचं डोकं असं सणकलं की हळदीच्या हातांनीच ती दरबारात जाऊन उभी राहिली.

दरबारात राजा रूपसेनाच्या शेजारी हिरण्यशेठ नावाचा परदेशी व्यापारी मांडी ठोकून बसला होता. त्याचा 'चंद्रकांती लेप' राजाने अख्ख्या गावाचा महसूल मोजून घेतला होता. चंदनाची पेटी उघडली की आत हस्तिदंती पेटी, तिच्यात चांदीची डबी, डबीत रेशीम आणि रेशमात केवड्याच्या वासाचा लेप. केवढा? करंगळीच्या नखाएवढा! रोज सकाळी तो कपाळाला टेकवला की राजा दुपारपर्यंत आरशापुढून हलत नसे. राज्याची कामं खोळंबली तर खोळंबली!

"म्हाराज, आमचं उटणं कशापायी बंद केलं?" बकुळाने विचारलं.

उत्तर हिरण्यशेठने दिलं. "हलक्या उटण्याच्या वासाने चंद्रकांतीचं तेज उतरतं, मुली."

"आमचं उटणं हलकं न्हाई!"

"किंमत काय त्याची?" राजाने विचारलं.

"कवडीला मूठभर, म्हाराज. वर चिमूटभर फुकट."

राजाने नाक मुरडलं. "फुकटसुद्धा देतेस? मग त्यात गुण कुठून असणार!"

"एकदा लावून तर बघा!"

"या तोंडाला? कवडीचं?" राजाने दोन्ही हातांनी गाल झाकून घेतले. मग त्याला लहर आली. "ठीक आहे. तुझं उटणं या लेपाच्या तोडीचं आहे हे सिद्ध करून दाखव. पण ते माझ्या तोंडाला लावायचं नाही. माझ्याच काय, राज्यातल्या एकाही माणसाच्या तोंडाला लावायचं नाही! जमलं, तर दवंडी मागे घेतो. नाही जमलं, तर मायलेकींनी गाठोडं बांधायचं आणि वेशीबाहेर व्हायचं!"

दरबार फिदीफिदी हसला. तोंडाला न लावता उटण्याचा गुण दाखवायचा, म्हणजे न जेवता ढेकर द्यायचा! बकुळाला रडू फुटत होतं, पण त्या हिरण्यशेठसमोर रडायचं? छे!

"एक डबी लेप द्या, म्हाराज," ती म्हणाली. "वसुबारसेला उत्तर देते." राजाने हसत हसत तिला एक डबी देववली.

त्या राज्याची एक रीत होती. वसुबारसेला सगळे गवळी गाईम्हशी धुऊन, सजवून राजवाड्यापुढून मिरवत नेत आणि सगळ्यांत देखण्या जनावराच्या गळ्यात राजा हार घाली. यंदा सगळ्यांच्या शेवटी बकुळा आली, दारच्या दोन भाकड म्हशी घेऊन. एकीच्या गळ्यात रेशमी गोफाला बांधलेली चांदीची डबी. दुसरीच्या गळ्यात सुतळीला अडकवलेला पळसाचा द्रोण, त्यात मूठभर उटणं.

"म्हाराज!" बकुळा खालून ओरडली. "एकीच्या कपाळाला लेप लावलाय, एकीच्या उटणं. म्हशी काय माणसं न्हाईत, तवा तुमचा हुकूम मोडलेला न्हाई. आता सांगा, तेज कुणाचं?"

राजा सज्ज्यातून खदखदून हसला. "हे काय विचारणं झालं? डबीवाली! बघ कशी झळकतेय!"

"कपाळावर चांदणं सांडलंय, महाराज!" प्रधान म्हणाला.

"माझे तर डोळे दिपले!" सेनापतीने डोळ्यांवर हात धरला.

हिरण्यशेठने मान डोलावली. "ओळखायला जाणकाराचीच नजर हवी! डबीवालीच्या सुरकुत्यासुद्धा गेल्या बघा. आणि ती द्रोणवाली? शी! जळका तवा!"

"मग खाली या, म्हाराज, आणि वास घ्या," बकुळा म्हणाली.

"म्हशीचा?"

"चंद्रकांतीचा केवडा तुमच्या नाकाला पाठ हाय. दुसऱ्या कुणाचं ऐकूच नका!"

राजा खाली आला. त्याने डबीवालीच्या कपाळाला नाक लावलं. हळद! नागरमोथा! त्याने धावत जाऊन द्रोणवालीच्या कपाळाला नाक लावलं. केवडा!

राजा मटकन खाली बसला.

"खोटेपणा!" हिरण्यशेठ किंचाळला. "आणि लेप माणसांसाठी असतो, म्हशीवर कसा चालेल?"

"तर मग शेठजी, मघाशी सुरकुत्या कुणाच्या गेल्या, माझ्या?"

लोक हसायला लागले, पण राजाचा चेहरा लालबुंद झाला तशी सगळी चिडीचूप. बकुळाला वाटलं, आता गाठोडंच बांधायचं!

"पोरी," राजा दातओठ खात म्हणाला, "मी रोज आरशात पाहतो. माझ्या तोंडावर तेज येतं. ते काय खोटं?"

"अगदी खरं, म्हाराज!" बकुळा म्हणाली. "पेटीतून पेटी निघते, तिच्यातनं डबी निघते, तसा तुमचा जीव हरखतो. हरखलेलं तोंड कुणाचंबी उजळतंच. लेप नखाएवढा अन् हरखणं गावाएवढं! तुम्ही गावाचा महसूल दिला तो हरखण्याचा, लेपाचा न्हाई."

राजाने तिच्याकडे पाहिलं. मग म्हशीकडे पाहिलं. "म्हणजे... मी डबीला देखणी म्हणालो!" असं म्हणून तो जो हसत सुटला, तो मुकुट घसरून शेणात पडला तरी थांबेना. दवंडी तिथल्या तिथे मागे घेतली गेली. हिरण्यशेठ कधी पसार झाला ते कुणाला कळलंसुद्धा नाही.

राजा डोळे पुसत बकुळाच्या कानाशी आला. "दिवाळीला तुझंच उटणं लावीन. पण पोरी, शेजारचे राजे विचारतील गं! कवडीचं लावलं म्हणून कसं सांगू? सात समुद्रांपलीकडून आणलं असं सांगू का?"

"सांगा की, म्हाराज!" बकुळा म्हणाली. "पण मग सात समुद्रांचं गलबताचं भाडं पडंल!"

राजा पुन्हा पोट धरून हसला आणि भाडं म्हणून त्याने नदीकाठचं हिरवंगार कुरण त्या मायलेकींच्या नावे करून दिलं.