खापरकाकांचं कवच

डोंगरसुद्धा जन्मले नव्हते, तेव्हा समुद्राच्या तळाशी तांदळाएवढे, बिनडोळ्यांचे ट्रायलोबाइट नावाचे, साप कात टाकतो तसं कवच टाकणारे जीव राहत. एकदा तिथलं पाणी नासू लागलं. टोळीचे म्होरके खापरकाका जुनं कवच जागेवर टाकून गुपचूप सटकले.

टोळी सल्ल्याला आली. कवच चाचपून सगळ्यांनी विचारलं, "काका, निघायचं का?"

उत्तर आलं नाही.

"काका शांत आहेत, म्हणजे धोका नाही."

काकांची पुतणी गोटी हिने कवचाखाली मिशी घातली. "अहो, आत कुणीच नाही!"

"हळू बोल," सगळ्यांनी तिला दटावलं. "काका विचार करताहेत."

गोटी एकटीच निघाली. दूर, स्वच्छ पाण्यात ती खुद्द काकांवरच आदळली.

"मागे सगळे बरे आहेत ना गं?" काकांनी विचारलं.

"आहेत तिथेच आहेत," गोटी म्हणाली. "तुमच्या शब्दाबाहेर कुणी नाही."