टिचकी मुंगी आणि पेल्याखालचा दाणा

मुंगी होती. एकच होती असं नाही, घरात ढीगभर होत्या. पण गोष्ट हिची आहे. हिचं नाव टिचकी. मध्ये बोलायचं नाही.

टिचकीला सापडला साखरेचा दाणा. पांढरा. चमचम चमचम. तो घेऊन ती टेबलावरून निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

टेबलावर आबाचा पसारा. आबा जुनी मनगटी घड्याळं घरीच खोलायचा. पुसायचा. तेल द्यायचा. नवा पट्टा चढवायचा. बारीक बघायला भिंग होतं, पण ते कपाळावर! डोळ्याला लावायला नको?

आबाने चिमट्याने दाणा उचलला. चट!

"सापडला! घड्याळाचा हरवलेला खडा सापडला!"

आणि ठेवला बारक्या स्क्रूंबरोबर. वर पेला उपडा घातला. ठप्प!

टिचकी म्हणाली, "आबा, आबा, पेला उचल. माझा दाणा दे."

आबा म्हणाला, "दाणा कसला? खडा तो! घड्याळात बसवणार आहे. आणि पंखा थांबल्याशिवाय मी नाही पेला उचलत. स्क्रू उडाले तर तू शोधणार?"

घड्याळात बसवणार? मग संपलंच की! टिचकी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

पंखा फिरत होता. गरगर गरगर.

"आबा पेला उचलेना,
माझा दाणा मला मिळेना!
पंख्या, पंख्या, थांब की!"

पंखा म्हणाला, "माईने बटण दाबल्याशिवाय मी नाही थांबत."

टिचकी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

माई खुर्चीत बसली होती. ऐसपैस.

"पंखा थांबेना,
आबा पेला उचलेना,
माझा दाणा मला मिळेना!
माई, माई, ऊठ की!"

माई म्हणाली, "मांडीवर मनी निजलीये. ती उठल्याशिवाय मी नाही उठत. नखं बघितलीस तिची?"

टिचकी मनीच्या कानाशी गेली. मनी घोरत होती. घुर्र घुर्र.

"माई उठेना,
पंखा थांबेना,
आबा पेला उचलेना,
माझा दाणा मला मिळेना!
मने, मने, जागी हो की!"

मनीने एकच डोळा उघडला. "गजर वाजला की मला दूध मिळतं. गजर वाजल्याशिवाय मी नाही जागी होत. जा."

फळीवर होतं गजराचं घड्याळ. उंच! टिचकी भिंत चढली. तुरुतुरु तुरुतुरु.

"मनी जागी होईना,
माई उठेना,
पंखा थांबेना,
आबा पेला उचलेना,
माझा दाणा मला मिळेना!
गजरा, गजरा, वाज की!"

गजर म्हणाला, "कसा वाजू? पोटात धागा अडकलाय. आबाच्या फडक्याचा! गावाची घड्याळं नीट करतो, घरच्याला धागा चारतो. धागा निघाल्याशिवाय मी नाही वाजत."

टिचकी घड्याळाच्या पोटात शिरली. आत अंधार. दात्यांची चाकं. मध्ये धागा.

"गजर वाजेना,
मनी जागी होईना,
माई उठेना,
पंखा थांबेना,
आबा पेला उचलेना,
माझा दाणा मला मिळेना!
धाग्या, धाग्या, नीघ की!"

धागा म्हणाला, "कुणी ओढल्याशिवाय मी नाही निघत."

टिचकीने इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं. कुणी नाही.

"मग मीच ओढते!"

सहा पाय रोवले. धागा तोंडात धरला. हय्या! हय्या! हय्या!

सुळ्ळकन धागा निघाला.
ट्रिंग ट्रिंग गजर वाजला.
टुणकन मनी जागी झाली, दुधाकडे पळाली.
"हुश्श!" करून माई उठली.
खट्ट! बटण दाबलं.
गरगर... गर... गर... पंखा थांबला.
आबाने पेला उचलला.

आबाने चिमट्यात खडा धरला. घड्याळाजवळ नेला. अगदी जवळ! मग भिंग डोळ्यावर ओढलं.

"अरेच्चा! ही तर साखर!"

माई म्हणाली, "आता घड्याळाला साखर घालता? चहात घाला हो!"

आबा गुरगुरला. दाणा टेबलावर ठेवला. "घे बाई तुझा तू. पण मग माझा खडा कुठाय? ए टिचके! पाहिलास का?"

टिचकी बोललीच नाही.

कशी बोलणार? तोंडात साखर होती.

दाणा मुंगीच्या पोटात, गोष्ट तुमच्या कानात. उठा आता, हात धुवा.