पाडसाची अवेळची झोप

बालमित्रांनो, नदीकाठच्या एका दाट जंगलात एक हरिणी राहत असे. तिला नुकतेच एक पाडस झाले होते. दिवस मावळला की त्या जंगलात बिबट्या शिकारीला निघे. म्हणून अंधार पडण्याआधी पिलांना उंच गवतात निजवायचे, अशी तिथल्या सगळ्या आयांची रीत होती. निजलेले पिलू हलत नाही, बोलत नाही. बिबट्या जवळून गेला तरी त्याला पत्ता लागत नाही.

हरिणीचे पाडस मात्र उन्हे कलू लागली की झोपी जाई. "झोपू दे बापडे," असे म्हणून ती त्याला उठवत नसे. तेवढाच तिलाही निवांत चारा मिळे. मग सांजावले, की पाडसाचे डोळे टक्क उघडत. एके संध्याकाळी ते गवतातून बाहेर येऊन उड्याच मारू लागले. "आई, मला खेळायचंय!" "हळू बोल रे राजा, खाली बस!" हरिणी कुजबुजली. इतक्यात झाडावरची वानरे ओरडली. हरिणीने पाडसाला गवतात लोटले आणि समोरच्याच वाटेने बिबट्या निघून गेला. वारा त्याच्याकडून इकडे वाहत होता, म्हणून त्याला त्यांचा वास लागला नाही आणि दोघांचा जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी त्या धास्तीने तिने पाडसाला डोळा मिटूच दिला नाही. ते पेंगू लागले की ती त्याला ढुशी देई, पाण्यावर नेई, परत आणी. "आज दमून गाढ झोपेल," असे तिला वाटले. पण झाले भलतेच. तिन्हीसांजेला पाडस इतके शिणले, की झोप येईना आणि जागेही राहवेना. ते पाय झाडत मोठ्याने रडू लागले. हरिणीने त्याला चाटले, दूध पुढे केले, तरी ते गप्प होईना. आणि गवत सळसळले. दोन पिवळे डोळे रडण्याच्या रोखाने पुढे सरकत होते.

हरिणीने क्षणभरही विचार केला नाही. ती उघड्यावर धावली आणि मुद्दाम लंगडत बिबट्याच्या पुढ्यातून गेली. बिबट्या तिच्या मागे लागला. नदी येताच तिने सारे बळ एकवटून झेप घेतली. त्याचा पंजा तिच्या मांडीला ओरबाडून गेला. पैलतीरावरच्या काटेरी जाळीत ती दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे तो माघारी वळला. लांबच्या वळणाने हरिणी परत आली, तर गवतात चिडीचूप. "बाळा!" तिने हाक मारली.

"ओरडू नकोस, आत्ताच झोपलंय," शेजारची रानडुकरीण दबक्या आवाजात म्हणाली. ती पाडसाला पोटाशी घेऊन बसली होती. हरिणीने पाडसाला हुंगले आणि सारी हकिकत सांगितली. रानडुकरीण म्हणाली, "अगं, काल तू त्याला फार उशिरा झोपू दिलंस आणि आज मुळीच नाही. सूर्य डोक्यावर आला की निजव. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर चढायच्या आत उठव. रडलं तरी उठव हो!"

हरिणीने तसेच केले. अर्धवट झोपेतून उठवले तेव्हा पाडस रुसले, पण नंतर संध्याकाळपर्यंत मनसोक्त बागडले आणि दिवस मावळताच आईच्या कुशीत झोपी गेले. थोड्याच वेळात बिबट्या आला. गवताच्या कडेला थांबला. हरिणीने श्वास रोखून धरला. पाडसाचा कानही हलला नाही. बिबट्या पुढे निघून गेला. पाडस सकाळपर्यंत झोपले. हरिणीच्या डोळ्याला मात्र त्या रात्री डोळा लागला नाही.

तात्पर्य : मायेने केलेली ढिलाई आणि भीतीने केलेली सक्ती, दोन्ही लेकराला सारख्याच घातक, त्याला हवी असते ती वेळच्या वेळी झोप.