शिरवंती थांबली

भक्तहो, अचलनाथ महाराज त्या काळी कुसावडे गावी राहत असत. गावाला पाणी शिरवंतीचे. घोडेडोंगराच्या कड्याखाली एका झऱ्यातून ती निघते, डोंगराला वळसा घालून अरुंद घळीतून खाली येते आणि गावाला लागूनच पुढे मोठ्या नदीला मिळते.

गावातली गोमाई धनगरीण महाराजांच्या स्नानासाठी रोज शिरवंतीची घागर आणी. भरण्याआधी ती नदीला हात जोडी. हैबतराव पाटलांना त्याचे हसू येई. पाण्याला कान असतात का, असे ते तिला चारचौघांत विचारत. ती मान खाली घालून निघून जाई.

एका श्रावणात फार पाऊस झाला, आणि पाऊस चालू असतानाच एका सकाळी शिरवंती आटली. लोक मासे वेचायला पात्रात उतरले. पाटलांनी वाळू भरायला गाडी घातली. गोमाई मात्र रिकामी घागर घेऊन रडत मठात आली. आपल्याकडूनच काही चुकले, असे तिला वाटले.

महाराज म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही, माय. वर घळीत दरड पडली आहे, पाणी तुंबलंय. जा, सगळ्यांना बाहेर बोलाव."

गोमाईने काठावरून महाराजांचा निरोप सांगितला. लोक भराभर वर आले. पाटील तेवढे हसत राहिले. एवढ्यात डोंगराकडून घरघर ऐकू आली. आता पाटील घाबरले. पण गाडीचे चाक ओल्या वाळूत रुतले होते, आणि जुंपलेले बैल सोडून पळवेना.

तोवर महाराज पात्रात उतरले होते. वळणावर पुरुषभर उंचीचा गढूळ लोंढा दिसला. महाराजांनी हात जोडले आणि ते शांतपणे म्हणाले, "आई, जरा थांब. तुझं एक लेकरू अजून आत आहे."

आणि काय सांगावे! लोंढा वळणावरच उभा राहिला. पाणी जागच्या जागी घुसळत होते, पण पुढे येईना. पाटलांनी बैल सोडले, त्यांना काठावर चढवले. मागून महाराज सावकाश वर आले, तेव्हा शिरवंती वाहू लागली. गाडी काडीसारखी गेली.

पाटील महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी त्यांना उठवले. म्हणाले, "पाटील, मी फक्त विनवलं. ऐकलं तिने."

पाटील नदीकडे वळले. साऱ्या गावादेखत पागोटे उतरवून त्यांनी चिखलात डोके टेकले, आणि पुष्कळ वेळ ते उठले नाहीत.